फॅक्टरीची ड्रॅग कार येतेय म्हणतात? टीझरपासून टाइमस्लिपपर्यंत, नवख्यांसाठी

2017 च्या जानेवारीत डॉजने 'डीमन' नावाच्या गाडीचे टीझर सोडायला सुरुवात केली, तेव्हा मला मिशिगनमध्ये येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मी चिंचवडला वाढलेला. आजूबाजूला सगळे गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, त्यामुळे इंजिन कशाशी खातात हे माहीत होतं. पण ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्या सोडायच्या, त्यात बघण्यासारखं काय, असं माझं मत. ऑफिसातला एक जण दर आठवड्याला नवा टीझर उघडून माझ्या टेबलाशी यायचा. एका आठवड्यात टायरची रुंदी, पुढच्या आठवड्यात शेजारची सीटच गायब, त्याच्या पुढच्या आठवड्यात एसीचा गारवा इंजिनाच्या हवेसाठी वळवलेला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मीच त्याच्या टेबलाशी जायला लागलो.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी वाट बघितली, बुकिंग केलं, पैसे अडकवले, ट्रॅकवर फजिती करून घेतली. गाडी मात्र शेवटी मिळाली नाही, ती गोष्ट पुढे येईल. अशी एखादी गाडी येणार म्हटलं की ग्रुपवर मला तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. हे मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे. भारतातल्यांसाठी मधे थोडं आहे.

1. आधी विचारा: नंबरप्लेट मिळणार आहे का?

'फॅक्टरीत बनलेली ड्रॅग कार' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती येतात, आणि नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो.

पहिली जात निव्वळ ट्रॅकची. शेवरोलेची कोपो कमारो, फोर्डची मस्टँग कोब्रा जेट, डॉजची चॅलेंजर ड्रॅग पॅक. या गाड्या कंपनीनेच विकल्या, पण रस्त्यावर चालवण्यासाठी त्यांची नोंदणी होत नाही. त्यांना नेहमीच्या गाडीसारखा व्हीआयएन (नोंदणीला लागणारा गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, नुसता अनुक्रमांक असतो. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मागे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले टायर. घरी न्यायची तर ट्रेलरवर. 2018 ची कोब्रा जेट 1,30,000 डॉलरची होती आणि फक्त 68 बनल्या. 2020 ची ड्रॅग पॅक 50 बनल्या, किंमत त्याहूनही जास्त. ही गाडी घेणाऱ्याकडे मोठा ट्रक, बंदिस्त ट्रेलर, गॅरेज आणि शक्यतो एक समजूतदार बायको आधीपासून असते.

दुसरी जात रस्त्यावरची, पण मनाने ट्रॅकची. डीमन या जातीतली. नंबरप्लेट लावा, दूध आणायला जा, आणि शनिवारी त्याच गाडीने पाव मैल धावा.

याची मुळं साठच्या दशकात आहेत आणि ती ठाऊक असली की आजच्या जाहिराती बऱ्याच उलगडतात. एनएचआरए ही इथली ड्रॅग रेसिंगची सर्वांत मोठी संस्था, वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये सुरू केलेली. 'स्टॉक' प्रकारात धावायचं तर ती गाडी कंपनीने ठरावीक संख्येने खरोखर बनवलेली हवी, असा तिचा नियम. मग कंपन्यांनी नियमापुरत्या गाड्या बनवायला सुरुवात केली. 1964 मध्ये फोर्डने साध्या फेअरलेनमध्ये 427 घनइंचांचं इंजिन कोंबलं आणि हवा आत घ्यायला आतल्या बाजूचे दोन हेडलाइट काढून तिथे जाळ्या बसवल्या. ती थंडरबोल्ट, अशा 100 बनल्या. 1968 मध्ये क्रायस्लरने डार्ट आणि बाराकुडामध्ये 426 घनइंचांचं 'हेमी' इंजिन बसवून दिलं, आणि गाडीवर चक्क सूचना लावली की ही रस्त्यावर वापरण्यासाठी नाही.

मला सर्वांत आवडते ती फ्रेड गिब यांची गोष्ट. इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातले हे शेवरोलेचे डीलर. कंपनीत 'कोपो' नावाची ऑर्डर देण्याची एक आडवाट होती. टॅक्सी किंवा पोलिसांच्या गाड्यांसारख्या खास मागण्यांसाठी मुख्य कार्यालयातून मंजुरी घ्यायची. गिब यांनी त्याच वाटेने अॅल्युमिनियमच्या 427 इंजिनाच्या 50 कमारो मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा नुसत्या इंजिनाचेच 4,160 डॉलर लावलेले, एकूण किंमत 7,200 च्या आसपास. 1969 मध्ये या पैशात दोन बऱ्या गाड्या आल्या असत्या. गावात कोण घेणार? बऱ्याचशा परत पाठवाव्या लागल्या. अशा एकूण 69 कमारो बनल्या ('झेडएल-1' नावाने ओळखतात त्या याच) आणि आज त्या लिलावात आल्या की लोक श्वास रोखून बघतात. 2012 मध्ये शेवरोलेने कोपो कमारो परत आणली तेव्हा 69 च बनवल्या, त्या याच हिशेबाने.

तर पहिलं काम एवढंच: बातमी वाचलीत की 'रस्त्यावर चालवायला परवानगी आहे' हे वाक्य शोधा. ते नसेल तर ती गाडी भिंतीवरच्या पोस्टरसाठी. निदान माझ्यासारख्या पगारदारासाठी तरी.

2. टीझरमधले आकडे सोलून बघा

2018 ची डीमन 11 एप्रिल 2017 ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. 840 हॉर्सपॉवर, पाव मैल 9.65 सेकंदांत, 140 मैलांच्या वेगाने, आणि सुटताना पुढची चाकं हवेत. सगळं खरं. पण 840 हा आकडा 100 ऑक्टेनच्या रेसिंग पेट्रोलवरचा. पंपावरच्या 91 वर 808. फरक फार नाही, पण टीझर कोणता आकडा दाखवतं हे बघायची सवय लावून घ्या.

2023 च्या मार्चमध्ये आलेल्या डीमन 170 ने हे सगळं आणखी पुढे नेलं: 1,025 हॉर्सपॉवर, पाव मैल 8.91 सेकंदांत, शेवटी वेग 151.17 मैल, म्हणजे ताशी सुमारे 243 किलोमीटर. यातले 1,025 मिळतात ते इथेनॉलवर. साध्या ई-10 (10 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर 900. नावातलं 170 सुद्धा तिथूनच आलंय. दारूची तीव्रता 'प्रूफ'मध्ये मोजतात तसं 85 टक्के अल्कोहोल म्हणजे 170 प्रूफ.

शून्य ते 60 मैल 1.66 सेकंद, हा आकडा वाचून माझ्या पुण्यातल्या मामेभावाने मला फोन केला होता. त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. ड्रॅग स्ट्रिपवर घड्याळ गाडी हलताक्षणी सुरू होत नाही. पुढचं चाक किरणाच्या रेषेवर उभं असतं. चाक साधारण फूटभर पुढे सरकून किरण मोकळा झाला की घड्याळ सुरू. त्या फुटाला रोलआउट म्हणतात. 1.66 मध्ये तो फूट धरलेला नाही, शिवाय ती धाव चिकट द्रव्य फवारून तयार केलेल्या ट्रॅकवरची. फसवणूक नाही ही, ड्रॅगवाले पिढ्यानपिढ्या असंच मोजतात. फक्त सिग्नलला शेजारच्या टेस्लाबरोबर तो आकडा निघेल असं समजू नका. (आणि सिग्नलला असलं काही करूही नका.)

टीझर बघताना मी आता चारच गोष्टी टिपतो: मागचा टायर कोणता, वजन किती, इंधन कोणतं आणि किती गाड्या बनणार. हॉर्सपॉवर पाचवी. पहिल्या डीमनला कंपनीनेच 315 मिलिमीटर रुंदीचे ड्रॅग रेडियल (रस्त्यावरही चालणारे चिकट ड्रॅग टायर) दिले होते, 170 ला मागे मिकी थॉम्पसनचे. ताकद बनवणं तुलनेने सोपं, ती डांबरावर उतरवायची मारामार.

3. बुकिंग: इथे माझे पैसे अडकले

दोन्ही डीमन 3,300 च बनायच्या होत्या: 3,000 अमेरिकेसाठी, 300 कॅनडासाठी. पहिलीची छापील किंमत 84,995 डॉलर, 170 ची 96,666. इतक्या कमी गाड्या आणि एवढी बोंबाबोंब म्हटल्यावर डीलर छापील किमतीवर आपला आकडा चढवतो. त्याला इथे मार्कअप म्हणतात. 170 च्या वेळी कंपनीने जाहीर केलं होतं की छापील किमतीत किंवा त्याखाली विकणाऱ्यांच्या ऑर्डरी आधी बनवू. ते वाचून मी निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो.

माझ्या घरापासून तासाभरावरच्या एका डीलरकडे गेलो. विक्रेता गोड माणूस. 'तुमचं नाव यादीत पहिलं,' म्हणाला. मी 5,000 डॉलर दिले. पावतीवर फक्त 'डिपॉझिट' एवढाच शब्द. गाडीची किंमत नाही, परत मिळतील का नाही, ऑर्डर नंबर नाही. दोन महिने 'होतंय, होतंय' चाललं. मग कळलं की त्यांच्या वाट्याला एकच गाडी आली होती आणि ती कुणा जुन्या गिऱ्हाइकाला गेली. दुसरी हवी असेल तर एका ओळखीच्या डीलरकडे आहे, छापीलवर 50,000 जास्त. पैसे परत मिळायला आणखी तीन महिने आणि माझ्या बायकोचं एक अत्यंत शांत आवाजातलं ईमेल लागलं.

त्यातून शिकलेला क्रम असा:

पहिला प्रश्न, 'तुमच्याकडे वाटप झालंय का?' वाटप म्हणजे कंपनीने त्या डीलरला किती गाड्या दिल्या. यादी कितीही लांब करता येते, वाटप नाही. 'अजून कळायचंय' असं उत्तर आलं तर नाव द्या, नंबर द्या, पैसे देऊ नका.

मग किंमत लेखी. सही केलेल्या खरेदीपत्रावर शेवटचा आकडा, डिलिव्हरीचा खर्च, कर आणि 'डिपॉझिट पूर्ण परत मिळेल' हे वाक्य. तोंडी आश्वासनाची किंमत काय असते ते वर आलंच आहे.

ऑर्डर खरंच टाकली असेल तर नंबर असतोच. क्रायस्लरच्या घराण्यात (डॉज त्यातलीच) त्याला व्हीओएन म्हणतात, म्हणजे गाडीचा ऑर्डर क्रमांक. तो मिळाला की कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून ऑर्डर कुठवर आली ते कळतं. पुढे व्हीआयएन पडतो. दोन्ही न देणाऱ्या विक्रेत्याने ऑर्डर टाकलेली नसते, असं मी आता सरळ धरून चालतो.

बरोबर ठेवायची कागदपत्रं:
- ड्रायव्हिंग लायसन्स आणि चालू विम्याचा पुरावा
- बँक किंवा क्रेडिट युनियनचं कर्जाचं पूर्वमंजुरी पत्र (डीलरचं कर्ज नंतर तुलनेला घ्या, आधी नको)
- व्हिसावर असाल तर आय-797 (इमिग्रेशनचं मंजुरीपत्र) आणि पगाराच्या तीन स्लिपा; कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीत बसवायला काही जण सांगतात, त्यामुळे मासिक हप्ता फुगतो
- डिपॉझिटची पावती, वरच्या सगळ्या तपशिलांसह
- सही करण्याआधी वाचलेलं कंपनीचं स्वीकृतिपत्र. असल्या गाड्यांबरोबर ते असतं. टायर, पाऊस, थंडी, ट्रॅकवरचा वापर यांबद्दल 'मला सांगितलं होतं' असं तुमच्याकडून लिहून घेतात

विम्याचं एक वाक्यात: नेहमीची पॉलिसी ट्रॅकवर झालेलं नुकसान भरत नाही, आणि दुर्मिळ गाडीला 'ठरलेल्या किमतीची' पॉलिसी घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला साधी चॅलेंजर समजून हिशेब करते.

4. वाट बघताना हातात आहे ती गाडी घेऊन ट्रॅकवर जा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. गाडी येईल तेव्हा शिकू, असं म्हणत बसू नका. हजार हॉर्सपॉवरच्या गाडीत पहिल्यांदा स्टेजिंग (सुरुवातीच्या रेषेवर गाडी नेमकी उभी करणं) शिकणं म्हणजे पोहायला शिकायला थेट पुरात उतरणं.

मी 2017 च्या उन्हाळ्यात अॅन आर्बरच्या दक्षिणेला असलेल्या मायलन ड्रॅगवेवर गेलो, माझी चार सिलिंडरची टोयोटा कॅम्री घेऊन. मागच्या सीटवर मुलीची कारसीट, डिकीत पटेल ब्रदर्सच्या पिठाचं वीस पौंडी पोतं. लोक हसतील म्हणून पोटात गोळा आलेला. कुणी हसलं नाही. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक आजोबा होता, त्याने माझी टाइमस्लिप (धावेच्या वेळा छापलेली पट्टी) बघून विचारलं, 'पुढच्या फेरीत तू पिठाचं पोतं काढणार आहेस ना?' काढलं. 16.4 चे 16.3 झाले.

बहुतेक ट्रॅकवर 'टेस्ट अँड ट्यून' नावाची संध्याकाळ असते. स्पर्धा नसते, पैसे भरा आणि जमेल तितक्या फेऱ्या मारा. त्यासाठी लागतं ते असं:

- लायसन्स. ते नसेल तर गेटवरूनच परत.
- पूर्ण लांब पँट, बंद बूट. चप्पल, फ्लोटर, शॉर्ट्स चालत नाहीत.
- हेल्मेट, जर तुमची गाडी 13.99 सेकंद किंवा त्याहून वेगवान असेल तर. आत स्नेलचा (हेल्मेट तपासून प्रमाणित करणारी इथली संस्था) स्टिकर हवा. भारतातून आणलेलं आयएसआयचं हेल्मेट दाखवू नका, माझ्या मित्राने दाखवून बघितलंय.
- टायरमधली हवा मोजायचा चांगला गेज, पाना, आणि एक जुना टॉवेल.
- गाडीतलं सगळं सुटं सामान घरी. मॅट, पाण्याच्या बाटल्या, गणपतीची मूर्ती डॅशबोर्डवर चिकटवलेली नसेल तर तीही.

गेटवर तपासणीचं कार्ड मिळतं, ते आधीच भरून ठेवा. तपासणारा बॅटरी घट्ट आहे का, गळती आहे का, चाकांचे नट कसलेत का हे बघतो. हा माणूस तुमचा शत्रू नाही. त्याला सांगा 'माझी पहिलीच वेळ', तो बाकीचं समजावतो.

आता रांगेत उभं राहिल्यापासून पुढे.

एसी बंद करा. रांगेत लागतानाच. एसीचं पाणी सुरुवातीच्या रेषेवर ठिबकलं तर मागच्याची गाडी घसरते, आणि तिथला अधिकारी सगळ्यांसमोर तुम्हाला बाजूला घेतो. मला घेतलं होतं.

रेषेच्या आधी पाणी मारलेला चौकोन असतो, वॉटर बॉक्स. तो ड्रॅग रेडियल किंवा स्लिकवाल्यांसाठी. साध्या रस्त्याच्या टायरवर असाल तर बाजूने वळसा घाला. साध्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं आणि तुम्ही ते थेट रेषेपर्यंत घेऊन जाता. ड्रॅग रेडियल असतील तर पाण्यातून पुढे येऊन, मागची चाकं जेमतेम पाण्याच्या कडेला ठेवून थोडा बर्नआउट, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरवायची. धूर निघायला लागला की पुरे. टायर साफ आणि गरम करायचाय, कोळसा नाही.

मग ख्रिसमस ट्री. मधोमध दिव्यांचा खांब. वरचा पहिला दिवा म्हणजे रेषेजवळ आलात. आणखी सात-आठ इंच सरकलात की दुसरा, म्हणजे स्टेज झालात. इथे थांबा. नवखा माणूस दुसरा दिवा बघून घाबरतो आणि गाडी आणखी पुढे ढकलतो. तसं केलं की पहिला दिवा विझतो, रोलआउट कमी होतो आणि वेळ वाढते. मुंगीच्या पावलाने सरका. शेजारचा आधी स्टेज झाला तरी घाई नको, पण त्याला मिनिटभर ताटकळतही ठेवू नका.

दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. हिरवा बघून सुटलात तर उशीर झालेला असतो. तिसरा पिवळा लागताना पाय दाबायचा. लाल लागला तर लवकर सुटलात, टेस्ट अँड ट्यूनला त्याने काही बिघडत नाही.

सरळ चालवा. मधली रेषा ओलांडू नका. गाडी तिरकी व्हायला लागली तर पाय काढा. 'सांभाळतो' म्हणणाऱ्यांची गाडी मी भिंतीला लागताना बघितलीय. शेवटच्या रेषेनंतर हळूहळू ब्रेक, आणि बाहेर पडायच्या वळणाजवळ जो असेल तो आधी वळतो. काही मोडलं, काही गळतंय असं वाटलं तर भिंतीला चिकटून थांबा, तेल ट्रॅकभर पसरवत पुढे येऊ नका.

5. टाइमस्लिप कशी वाचायची

परत येताना खिडकीतून एक कागदाची पट्टी मिळते. वरून खाली: आर/टी, 60 फूट, 330 फूट, अष्टमांश मैल आणि तिथला वेग, 1,000 फूट, पाव मैल आणि तिथला वेग. पाव मैल म्हणजे 1,320 फूट, 402 मीटर.

आर/टी म्हणजे हिरव्यानंतर तुम्ही किती वेळाने सुटलात. ती पाव मैलाच्या वेळेत मिळवलेली नसते. घड्याळ तुमच्या चाकाने किरण मोकळा केला की सुरू होतं, त्यामुळे हिरव्यानंतर दोन सेकंद झोपलात तरी 16.3 ला 16.3 च येणार. शेजारचा मात्र आधी पोचतो. हे न कळल्यामुळे 'माझी वेळ चांगली, तरी मी हरलो कसा' असं म्हणणारे दर आठवड्याला दिसतात.

खरा मजकूर 60 फुटांत आहे. पहिल्या 60 फुटांत एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात. आणि शेवटचा वेग तुमच्या इंजिनाबद्दल सांगतो, वेळ तुमच्या पकडीबद्दल. वेग चांगला आणि वेळ वाईट असेल तर दोष टायरचा किंवा उजव्या पायाचा. 2019 मध्ये मी वापरलेली चॅलेंजर स्कॅट पॅक घेतली, 6.4 लिटर, 485 हॉर्सपॉवर. पहिली धाव 13.5. इंजिनाला काहीही न करता, फक्त कमी आरपीएमवर हळुवार सुटायला शिकून, त्या मोसमाच्या शेवटी 12.7. तोवर मी एक महागडा एअर फिल्टर विकत घेऊन बसलो होतो, त्याने काय झालं म्हणाल तर आवाज.

6. 'एनएचआरएने बंदी घातलेली गाडी' म्हणजे काय

दोन्ही डीमनच्या वेळी ही जाहिरात झाली आणि दोन्ही वेळा नवख्यांनी विचारलं, मग ट्रॅकवर नेताच येत नाही का? येते. नियम गाडीच्या नावाला नाही, वेळेला आहे. 2008 नंतरच्या, मूळ एअरबॅग आणि सुरक्षायंत्रणा शाबूत असलेल्या गाड्यांना पिंजऱ्याशिवाय 10 सेकंद आणि 135 मैलांपर्यंत मुभा होती. पहिली डीमन 9.65 आणि 140, दोन्हींकडून बाहेर. पुढे अलीकडच्या मॉडेलांसाठी ही मर्यादा 9 सेकंद आणि 150 मैलांपर्यंत सैल झाली. मग 170 आली 8.91 आणि 151.17 घेऊन. दोन्ही मर्यादा अगदी निसटत्या ओलांडलेल्या. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही, इतकी चांगली जाहिरात फुकट मिळत असेल तर कोण सोडेल?

व्यवहारात काय होतं? तुमच्या गाडीने मर्यादेपेक्षा कमी वेळ दिली की त्या रात्रीपुरतं 'बास, आता घरी' असं सांगतात. पुढे धावायचं तर पिंजरा, गाडीचं प्रमाणपत्र, आगरोधक कपडे आणि स्पर्धेचं लायसन्स. जायच्या आधी ट्रॅकला फोन करून त्यांचा चालू नियम विचारा, कारण सगळे ट्रॅक एनएचआरएचे नसतात.

7. गाडी हातात आली तर

मला 170 मिळाली नाही, पण ओहायोतल्या एका मित्राला मिळाली आणि तिच्या पहिल्या मोसमात मी मदतनीस होतो. तेवढ्या अनुभवावर तीन सापळे सांगतो.

इंधन. पूर्ण ताकदीसाठी किमान 65 टक्के इथेनॉल लागतं. पंपावर 'ई-85' लिहिलेलं असलं तरी आत 51 ते 83 टक्के काहीही असू शकतं, आणि थंडीच्या महिन्यांत ते मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर गाड्या सुरू होत नाहीत. मार्चअखेरीस आम्ही टाकी भरून गेलो, आणि गाडी मरगळल्यासारखी. दोष शोधण्यात दुपार गेली. शेवटी पाणी घालून इथेनॉल मोजायची साधी काचेची नळी आणली, तर 60 सुद्धा नाही. ती नळी फार स्वस्तात मिळते, ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा.

टायर. ड्रॅग रेडियल गरम, कोरड्या रस्त्यासाठी. पावसात ते साबण होतात, आणि कडाक्याच्या थंडीत रबर कडक होतं. ऑक्टोबरनंतर गाडी गॅरेजमध्ये, किंवा दुसरा टायरसंच.

तिसरा सापळा म्हणजे ट्रान्सब्रेक. गिअरबॉक्स आतून अडकवून इंजिनाला जोर चढू द्यायचा आणि पॅडल सोडताच गाडी उधळायची, अशी ती योजना. न फवारलेल्या ट्रॅकवर पहिल्याच फेरीत ती वापरू नका. पहिल्या तीन-चार धावा साध्या ब्रेकवर, निम्म्या थ्रॉटलने. मित्राने ऐकलं नाही. गाडी लेनमध्ये राहिली, रंग मात्र त्याच्या चेहऱ्याचा उडाला.

भारतातल्यांसाठी थोडं

डावीकडे स्टिअरिंग असलेली ही गाडी तिकडे आणून नोंदवायचा विचार सोडून द्या. उजव्या स्टिअरिंगची मस्टँग जीटी फोर्डने 2016 मध्ये भारतात अधिकृतपणे आणली होती, वापरलेल्या बाजारात ती अधूनमधून दिसते. आणि धावायचंच असेल तर लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' भरत आली आहे, तिथे साध्या पोलोपासून सगळ्या गाड्या येतात. प्रवेश आणि गट बघून आपली आहे ती गाडी घेऊन जा. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर मध्यरात्री शर्यतीला जमणाऱ्यांच्या नादी लागू नका.

8. रात्री निघताना

टाइमस्लिपच्या मागे तिथेच लिहून ठेवा: हवेचं तापमान, आर्द्रता, टायरमधली हवा, किती इंधन होतं, किती आरपीएमवर सुटलात. दमट, गरम हवेत तीच गाडी दोन-तीन दशांश हळू पळते. नोंद नसेल तर पुढच्या महिन्यात उगाच बिघाड शोधत बसाल. इंजिन थंड होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवा. टायरमधून काढलेली हवा परत भरा. आणि गेटबाहेर पडलात की वेगाच्या काट्याकडे बघा. रात्रभर पाय तळाला दाबून आल्यावर 55 मैल म्हणजे गाडी उभी आहे असं वाटतं, आणि मायलनहून हायवेला लागेपर्यंत मी दोनदा दंड भरलाय.